किल्ली

फेब्रुवारीत क्रॅगमथमध्ये माणसांपेक्षा सीगल जास्त.
चर्चच्या हॉलमधला हीटर खोकत होता
आणि सभेपुढे विषय एकच:
बंदरावरचं सार्वजनिक शौचालय.
कौन्सिलने कळवलं होतं, एक एप्रिलपासून आमचे हात वर.
किल्ली हवी तर घ्या,
नाहीतर दाराला विटा लावून टाकतो.

मी तीन खोल्यांच्या गेस्टहाउसची मालकीण.
अक्षर बरं, म्हणून इतिवृत्त माझ्या गळ्यात.
ते इंग्रजीत लिहिते. समासात मराठी.
खरं काय झालं ते समासात सापडतं.

विल्फ रदरफर्ड म्हणाला, माझी बोट आहे.
मी पफिन दाखवतो.
लोकांच्या मुतण्याशी माझा संबंध नाही.
एनिड म्हणाली, तुझ्याच बोटीतून उतरतात रे,
दोन तास दाबून धरलेले,
आणि तडक माझ्या बेकरीत शिरतात.
माणसं सहा, स्कोन एक, फ्लश सहा वेळा.
चिप्सवाल्या मिसेस स्टॅव्रू बोलल्या नाहीत,
पर्समधून फक्त पाण्याचं बिल काढून
टेबलावर उलगडून ठेवलं.
बेटावर पक्षी राखणारी टॅम्सिन म्हणाली,
माझं विचाराल तर माणसं कमी आली तरी चालेल.
यावर सगळे एकदम एका बाजूला झाले,
त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

समासात: भांडण झकास चाललंय.

चहा झाला. घोंगडं भिजतच.
तेव्हा मागच्या खुर्चीतून डॅरियुश उठला,
बसचा ड्रायव्हर, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं,
पाऊस चुकवायला आत आलेला.
म्हणाला, माझी बस येते दहा पन्नासला.
बोट सुटते पावणेअकराला.
चार वर्षं मी लोकांना
ती बोट जाताना दाखवतोय.

हीटरसुद्धा गप्प.
विल्फने टोपी काढली, पुन्हा घातली.
मला कुणी सांगितलं का नाही?
डॅरियुश म्हणाला, मला वाटलं, तुम्हाला दिसत असेल.
एकाच धक्क्यावर, तीस पावलांचं अंतर,
रोज एकमेकांना हात करायचे दोघं.

त्यानंतर किल्लीला फार वेळ लागला नाही.
बोट आता सव्वाअकराला,
मधल्या वेळात एनिडचे स्कोन.
किल्लीला विल्फने जाळ्याचा बूच बांधला,
पाण्यात पडली तरी तरंगावी म्हणून.
सोमवारी ती त्याच्याकडे, मंगळवारी बेकरीत,
बुधवारी चिप्सच्या गाड्यावर, गुरुवारी मी.
टॅम्सिनने दारांच्या आतल्या बाजूला
पफिनच्या बिळांचे नकाशे रंगवले:
इथे पाय ठेवू नका.
म्हणते, इतका एकाग्र वाचक
मला व्याख्यानात कधी मिळाला नाही.

सगळं गोड झालं असं नाही.
जूनमध्ये साबणावरून विल्फ आणि एनिड
नऊ दिवस बोलत नव्हते.

ऑगस्टातला एक गुरुवार.
समुद्रावरून धुकं चढून आलं,
इथे त्याला फ्रेट म्हणतात.
बोट रद्द. डोंकास्टरहून आलेली एक मुलगी,
सात वर्षांची, गळ्यात आजोबांची दुर्बीण,
आणि दिसायला फक्त पांढरं.
विल्फने तिला उभ्या बोटीत नेलं, दोराची गाठ शिकवली.
मिसेस स्टॅव्रूंनी चिप्स दिल्या, पैसे घ्यायच्या विसरल्या.
टॅम्सिनने घशातून पफिनचा आवाज काढला,
दूरच्या लाकूडकापीसारखा,
मुलगी हसता हसता म्हणाली, आई, जायचंय.

मी फरशी पुसत होते. ओल्यावरून जा म्हटलं.
बाहेर बस उभी, इंजिन चालू,
सुटायची वेळ टळलेली,
आत वीस माणसं, हॉर्न एकदाही नाही.
ती बाहेर आली, ओले हात फ्रॉकला पुसत,
आणि पायरीवर चढताना वळून म्हणाली,
इथली पफिनं पुढच्या वर्षी असतील ना?

वर्षअखेरीला हिशेब मांडले.
बोटीचा गल्ला, बेकरीचा, माझ्या तीन खोल्यांचा,
सगळ्यांचे रकाने भरले.
तो गुरुवार कुठे बसेना.
एनिडने खोडरबर पुढे केलं. मी घेतलं नाही.

समासात: बस सहा मिनिटं उशिरा.
साबण संपत आलाय.
किल्ली विल्फच्या दारातून आत टाकली.